चार इंची भिंत

तिसऱ्यांदा भरलेलं भोक तिसऱ्यांदा उघडं पडलं होतं. आईच्या उशाशी, भिंतीत, बोट जाईल एवढं. खाली चादरीवर पुट्टीचा ओला चुरा सांडला होता आणि थोरला त्याच्याकडे बघत दातओठ खात होता.

भोक त्यानेच पाडलेलं. आईच्या औषधांसाठी फळी बसवायला म्हणून ड्रिल लावलं आणि ते सरळ पलीकडे, धाकट्याच्या खोलीत निघालं. निघणारच. घराची वाटणी झाली तेव्हा मधली भिंत नऊ इंची घालू, असं धाकटा म्हणत होता. आपली खोली लहान होईल म्हणून थोरल्याने हट्टाने चार इंची घालायला लावली. भिंतीला कान असतात म्हणतात, या भिंतीला आता तोंडही फुटलं होतं. धाकट्याला या घरात पाऊल टाकायची बंदी होती आणि आईचे पाय गेलेले, त्यामुळे वर्षभर मायलेकांची गाठ नव्हती. आता रोज संध्याकाळी भोकातून गप्पा चालत. थोरल्याला ते खपत नव्हतं.

तो बायकोला म्हणाला, हा पलीकडून काडीने ढकलतोय, बघ, चुरा सगळा आपल्याच बाजूला. बोलतात तर बोलू द्या की, असं ती म्हणाली, तर तो तिच्यावरच खेकसला. आई डोळे मिटून पडली होती, हात पांघरुणात. झोपेचं सोंग तिला छान जमायचं.

वर्षात पहिल्यांदाच थोरला धाकट्याच्या दारापर्यंत गेला. शिव्या तोंडात तयारच होत्या. दाराला कुलूप. शेजारीण म्हणाली, ते सकाळी सातला कामावर जातात, सहाशिवाय येत नाहीत. अजून सहा वाजायचे होते, आणि पुट्टी तर त्याने दुपारी जेवण झाल्यावर भरली होती. शिव्या गिळून तो परत फिरला.

आल्या आल्या त्याने आईचं पांघरूण ओढलं. उजव्या हाताच्या नखांत पांढरं भरलं होतं. पहिल्या बोटाचं टोक सोलून लाल झालं होतं. त्याला राग आला, आणि त्याहून जास्त लाज वाटली. मग लाज वाटली म्हणून आणखी राग आला.

त्याने कपाटातून नेलकटर काढलं, कॉटच्या कडेला बसला आणि आईचं मनगट पकडलं.

"नखं फार वाढलीत तुझी."

"काप," आई म्हणाली. "आठ दिवसांत परत येतात."

त्याने कापली. अगदी मांसापर्यंत, एकामागून एक. सोललेल्या बोटापाशी तिचे ओठ घट्ट मिटले, पण हात तिने मागे घेतला नाही. पायाशी पुट्टीचा डबा उघडाच होता, चौथ्या खेपेसाठी.

पलीकडे कुलूप निघाल्याचा आवाज झाला. चपला कोपऱ्यात पडल्या. मग भोकातून धाकट्याने विचारलं, "आई, आज पाय कसे आहेत?"

थोरल्याने मनगट आवळलं आणि मान हलवली. बोलायचं नाही.

आईने त्याच्याकडे नीट बघितलं. कापून झालेला हात सोडवून घेतला, दुसरा त्याच्या पुढ्यात धरला आणि तोंड भिंतीकडे वळवलं.

"बरे आहेत रे. जरा मोठ्याने बोल. दादा इथेच बसलाय, त्यालाही ऐकू दे."