दुधाचा कौल

राहीबाईनं त्या मशीनकडं एकदा बघितलं आणि ती तिथंच पाघळली. पितळेचं उभं पिंप, डोक्यावर घुमट, बाजूला वाफेची वाकडी नळी. सांगलीतलं हे हॉटेल दिवाळीपासून बंद होतं, बाकड्यांवर धूळ बसली होती. मशीन तेवढं लखलखीत होतं.

मानसिंग तिच्यासारखा एका नजरेत भुलणारा गडी नव्हता. फौजेतून हवालदार होऊन परतलेला माणूस. बुटाची नाडी घ्यायची तरी चार दुकानं पालथी घालायचा. रहिमतपूरच्या एस्टी स्टँडसमोर त्याचं छोटं हॉटेल होतं. पलीकडं नवं हॉटेल निघालं, त्यात रेडिओ वाजायला लागला आणि मानसिंगची गिऱ्हाइकं तिकडं वळली. आता कॉफीचं मशीन आणलं तरच निभाव लागेल, ही कल्पना राहीबाईची. पण नव्या मशीनचा पुण्यातला भाव ऐकून मानसिंगनं तिथंच पाणी मागून घेतलं होतं. कोल्हापूरचं एक परवडत होतं, तर त्याची वाफ नळी सोडून सगळीकडून यायची.

राहीबाईनं मशीनची कॉफी आयुष्यात एकदाच घेतली होती. मानसिंग सुट्टीवर आला तेव्हा तिला महाबळेश्वरला घेऊन गेला होता. बाहेर धुकं, कपावर फेस. घरी परत आल्यावरही भाकरी थापताना मधेच तिला तो वाफेचा आवाज ऐकू यायचा आणि तव्यावरची भाकरी करपायची. मशीन आलं की ते आपणच चालवायचं, हे तिनं मनाशी केव्हाच ठरवून टाकलं होतं. नवऱ्याला सांगायचं तेवढं राहिलं होतं.

हॉटेल होतं तवनाप्पांचं. मशीन विकायला काढलं होतं त्यांच्या मुलानं, बाहुबलीनं. त्याला या जागेत खताचं दुकान टाकायचं होतं. तवनाप्पा कोपऱ्यात खुर्चीत बसून भिंतीकडं बघत होते. त्यांची बायको पद्मावती आतल्या दाराशी उभी होती. अण्णांना आता काही कळत नाही, घरचं माणूससुद्धा ओळखत नाहीत, असं बाहुबलीनं सांगितलं आणि मशीनखालचा स्टोव्ह पेटवला.

जरा वेळानं बारीक शीळ आली, मग लांब सुस्कारा. खोलीभर वाफ पसरली. बाकडी, भिंती, माणसं सगळी अंधूक झाली आणि राहीबाईला वाटलं, आपण पुन्हा त्या धुक्यातच उभ्या आहोत.

त्या वाफेतून तवनाप्पा उठून आले. त्यांनी फडक्यानं नळी पुसली, कप गरम पाण्यानं विसळले आणि दाराकडं बघून हसले.

"पद्मा, तुला साखर कमीच ना?"

"कमीच," पद्मावती म्हणाली.

बाहुबलीनं स्टोव्ह बंद केला. वाफ विरली. तवनाप्पांनी परक्या बाईकडं बघावं तसं बायकोकडं बघितलं आणि खुर्चीत जाऊन बसले. आई रोज एकदा मशीन लावते, रोज हीच गंमत होते आणि रॉकेल फुकट जातं, असं बाहुबली म्हणाला.

मानसिंगचं ध्यान मशीनवर होतं. त्यानं बंदूक तपासावी तसं ते वरखाली तपासलं. कुठं गळती नाही, तोट्या घट्ट. भावही जमला, अगदी खिशाला झेपेल असा. राहीबाईनं तर रेल्वेत ते कुठं ठेवायचं याचाही विचार केला होता.

राहिला होता घरच्या दुधाचा कौल. मानसिंगच्या घरात दुधाची कुठलीही नवी वस्तू यायची, तर तिच्यात आधी आपल्या गाईचं दूध तापवायचं. नीट तापलं तर ठीक, उतू गेलं तर फारच चांगलं. नासलं तर ती वस्तू उंबऱ्याच्या आत घ्यायची नाही. त्याच्या वडिलांनी एक कोरं पातेलं असंच देऊन टाकलं होतं. म्हणून पहाटे तापवलेल्या दुधाची किटली तो रहिमतपूरहून सोबत घेऊन आला होता.

"भांडं इसळून आनते," म्हणत राहीबाई किटलीसकट आत गेली. पद्मावती तिच्या मागोमाग गेली. आत त्यांना बराच वेळ लागला. बाहेर आल्या तेव्हा दोघीही कुणाकडं बघत नव्हत्या.

राहीबाईनं दुधाचं भांडं नळीखाली धरलं. पिंपात उरलेली वाफ आत शिरली आणि दुधाच्या गाठी झाल्या, पिवळट पाणी वेगळं निघालं. बाहुबली गडबडला. गाडीत हिंदकळून दूध बिघडलं असेल, इथलं ताजं मागवतो, भाव आणखी कमी करतो, असं बरंच बोलला.

"न्हाई," मानसिंग म्हणाला. "घरच्या दुधानं न्हाई म्हटलं, इषय संपला."

पद्मावतीनं निघताना राहीबाईला कुंकू लावलं. खुर्चीतले तवनाप्पा भिंतीकडंच बघत होते.

गाडी सुटली. दोन्ही बाजूंना उसाला तुरे आले होते, उन्हात ते पांढरे दिसत होते. राहीबाईच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ती ते पुसतही नव्हती. असं मशीन या भावात आता परत मिळणार नाही, हे तिला चांगलं ठाऊक होतं. मानसिंगला वाईट वाटलं. फौजी माणूस, समजूत काढायची कशी ते त्याला ठाऊक नव्हतं.

"मला त्या म्हातारीचाच वहीम येतुया," तो शेवटी म्हणाला. "तिला मशीन इकायचं नसंल. आत दुधात तिनंच काय तरी घातलं."

"आवं, त्या माउलीला बोल लावू नगा," राहीबाई म्हणाली. "ती सारा येळ माज्याकडं पाठ करून रडत हुती."

मानसिंग खिडकीबाहेर बघायला लागला. राहीबाईनं हात पदराखाली घेतला. बोटांना लागलेला लिंबाचा वास अजून गेला नव्हता.