नुसत्या जॅकवर

“पुन्हा सांगतो, पोरी,” विल्फ म्हणाला, “गाडी नुसत्या जॅकवर असताना खाली शिरायचं नाही. आधी चारी बाजूंना लोखंडी घोड्या लावायच्या, गाडी त्यांच्यावर टेकवायची, हलवून बघायची. मगच खाली.”

ग्लेनिसच्या हातातला पाना थांबला.

“कळलं ना?”

“मागच्या शनिवारीही कळलं होतं.”

विल्फ ओशाळला. हे वाक्य तो ठरवून म्हणत नसे. गॅरेजचं दार वर गेलं की ते तोंडातून बाहेरच पडायचं.

याच गॅरेजमध्ये, तीन वर्षांपूर्वी एका शनिवारी, ग्लेनिसचा नवरा कीथ मेला होता. सुटे भाग मागवून, आणि एका जुन्या गाडीचं इंजिन वगैरे काढून, तो घरीच नवी गाडी बांधत होता. जॅक घसरला आणि गाडी अंगावर आली. चौकशीत अपघात ठरला. इंग्लंडमधल्या बेल्पर गावची ती गल्ली हळहळली, आणि अर्धवट गाडी ताडपत्रीखाली गेली.

विल्फ ऑर्म समोरच राहायचा. बस डेपोत मेकॅनिक म्हणून जन्म काढलेला, एकटा माणूस. अशा दोन गाड्या त्यानं स्वतः बांधल्या होत्या. कीथला जाऊन वर्ष झालं तेव्हा तो टोपी हातात घेऊन ग्लेनिसच्या दारात उभा राहिला.

“कीथची गाडी पुरी करू या. मी शिकवतो. दर शनिवारी येईन.”

दार तोंडावर आपटेल अशीच त्याची अपेक्षा होती. ग्लेनिस त्याच्याकडे बराच वेळ बघत राहिली.

“तुम्ही म्हणाल तसं,” ती म्हणाली.

पहिल्या शनिवारी त्यानं नदीजवळच्या दुकानातून चार कोऱ्या लाल घोड्या आणल्या आणि ओळीनं मांडल्या. ग्लेनिसचा चेहरा पांढराफटक पडला. ती आत गेली, आणि वीस मिनिटांनी चहा घेऊन आली. एकच कप, त्याच्यासाठी. आपल्याला अक्कल नाही, असं विल्फ दिवसभर स्वतःला बजावत राहिला.

मग काम सुरू झालं.

“पहिल्यांदा गाडी बांधणारा मार खातो तो घाईनं,” तो सांगायचा. “खोकं उघडलं की लगेच जोडायला बसू नकोस. यादी घे, एकेक वस्तू ताडून बघ. जुन्या गाडीतला साधा वॉशरही फेकायचा नाही. पिशवीत घालायचा, वर चिठ्ठी. नट घट्ट केला की त्यावर पिवळी रेघ ओढ. रेघ नाही म्हणजे नट सैल, असंच धरून चालायचं. आणि दमलीस की वायरिंगला हात लावू नकोस.”

ग्लेनिसचा हात चांगला होता. मोज्यांच्या गिरणीत तिनं वीस वर्षं काढली होती. ब्रेकच्या नळ्या तिनं इतक्या सफाईनं वळवल्या की विल्फ थक्क झाला.

“कीथला नसतं जमलं हे!” तो बोलून गेला.

ती हसली नाही. ती कधीच हसायची नाही. विल्फकडे पाठ करूनही बसायची नाही. तो बोलता बोलता अडखळला की दचकायची.

“काय? काय म्हणायचंय तुम्हाला?”

“काही नाही.”

“असेल तर एकदाचं म्हणून टाका.”

विल्फ मान खाली घालून पाने पुसत बसायचा. हिला माहीत आहे, त्याला वाटायचं. आपणच बोलावं म्हणून ही वाट बघतेय.

कारण कीथ वापरत होता त्या घोड्या विल्फच्या होत्या. अपघाताआधीच्या गुरुवारी स्वतःच्या गाडीच्या ब्रेकचं काम करायला म्हणून त्यानं त्या परत नेल्या होत्या. “शनिवारी लागतील रे मला,” कीथ म्हणाला होता. “मग घे विकत, कंजूस,” विल्फ म्हणाला होता. चौकशीत हे कुणी विचारलं नाही. त्यानंही सांगितलं नाही. आता शेजारच्या घरात भांडं जरी पडलं, तरी तो खुर्चीतून उठून उभा राहायचा.

गाडी आता भिंतीकडे सरकवलेली होती, आणि गॅरेजच्या मधोमध जमिनीचा एक तुकडा होता. तिथे काहीच नव्हतं, तरी दोघंही त्याला वळसा घालून चालायची. तिथे अजून कुणी आडवं आहे, त्याच्या पायावर पाय पडू नये, अशी.

दोन हिवाळे गेले. सरकारी तपासणीत गाडी आरशावरून एकदा नापास झाली, दुसऱ्यांदा पास झाली. पहिल्या फेरीला ग्लेनिसनं गाडी चालवली. टप नव्हता. वाऱ्यानं दोघांच्या डोळ्यांतून पाणी येत होतं. क्रिचच्या टेकडीवर तिनं गाडी कडेला घेतली आणि इंजिन बंद केलं.

“झाली गाडी,” ती म्हणाली. “आता तरी बोला.”

विल्फनं टोपी काढली. गुरुवारचं सगळं सांगितलं. घोड्या, कीथचं बोलणं, आपलं उत्तर.

“मी नेल्या नसत्या तर तो आज असता. माफ कर म्हणायलाही तोंड नाही मला.”

ग्लेनिस स्टिअरिंग धरून समोर बघत होती. मग हळूहळू त्याच्याकडे वळली.

“म्हणजे तुम्ही याच्यासाठी येत होतात?”

“मग कशासाठी?”

“शुक्रवारी कीथनं चार घोड्या विकत आणल्या होत्या, विल्फ. घर गरम ठेवणारा बॉयलर बंद, आणि हा गाडीवर पैसे उधळतोय, म्हणून माझं डोकं फिरलं. शनिवारी सकाळी, त्याला न सांगता, मी त्या नदीजवळच्या दुकानात परत करून आले. घरी आले तेव्हा तो गाडीखाली होता.” तिनं स्टिअरिंग सोडलं. “दोन वर्षं दर शनिवारी तुम्ही माझ्यासमोर उभे राहून तेच वाक्य म्हणत होतात. मला वाटायचं, तुम्ही मला त्या दुकानात बघितलंय.”