एका मागाचं पारिश्रमिक

“हे पारिश्रमिक म्हणजे का जी?” जागेश्वरनं पावतीवरच्या लांबलचक शब्दावर बोट ठेवून विचारलं.

नंदनवन भागातल्या एका कॉलेजचं ते ऑफिस होतं. दोन दिवस जागेश्वर आणि त्याची बायको अनुसया यांनी तिथल्या मुलींना हातमागावर लुगडं कसं विणतात ते दाखवलं होतं. आता सही करायची, पैसे खात्यात जमा झाले की घरी जायचं. जागेश्वरची गाडी आठवडाभर मिस्त्रीकडे पडून होती. तीही आज याच पैशांतून सोडवायची होती.

शब्दाचा अर्थ विचारणारा माणूस कारकून कृष्णकांतला वर्षातून एखादाच भेटे. तो एकदम खुलला.

“पाहा. पगार महिन्याचा असते. मजुरी रोजाची, नाहीतर नगावरची. मानधन म्हणजे तुमचा मान ठेवून दिलं ते. अन् पारिश्रमिक म्हणजे ज्यानं श्रम केले, त्याले त्या श्रमाचं दिलेलं. ज्याचे हात लागले त्याचं.”

“म्हणजे मजुरीच ना,” असं म्हणून जागेश्वरनं पेन उचललं.

दाराजवळच्या बाकावर बसलेली अनुसया उठून टेबलापाशी आली. “भाऊ, ज्याचे हात लागले त्याचं, असं म्हटलं ना तुम्ही? मंग याच्यात माहं नाव कुठं आहे?”

कृष्णकांतनं फाइलमधून अर्ज काढला. कारागीर संख्या: एक. खाली जागेश्वरची सही.

जागेश्वरनं लबाडी केली नव्हती, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. त्याच्या वस्तीत एका मागामागे एकच माणूस मोजतात. सूत देणारा सेठ तसाच मोजत आला, विणकरांची सोसायटीही, अन् जागेश्वरचा बापही. मागावर बसतो तो विणकर. बाजूला रहाटावर सूत गुंडाळून धोट्यातल्या कांड्या, म्हणजे आडव्या धाग्याच्या नळ्या भरते, ती घरची. चाळीस वर्षं अनुसया कांड्या भरत होती आणि चाळीस वर्षं ती कोणाच्याच कागदावर नव्हती. पैसे घरात येत, तिच्या हातातही येत, पण तिच्या नावानं रुपया कधी आला नव्हता. आज तो यावा असं तिला फार वाटत होतं.

“तुले काहून पायजे वं वेगळं?” जागेश्वर म्हणाला. “घरातच तं येऊन राहिले पैसे.”

“घरात येते, हो. पन मी काम केलं असं कोनी म्हनते का? दोन दिवस त्या पोरी तुम्हाले सर-सर करत होत्या. मले काय विचारलं? तर म्हने, आजी, पानी कुठं आहे?”

कृष्णकांतनं हसू दाबलं. “बाई, तुमचं बरोबर आहे. पन अर्ज बदलला का प्रिन्सिपल म्याडमची सही पुन्हा लागते, अन् म्याडम सुट्टीवर. पैसे मंग पुढच्या महिन्यातच. रक्कमही वाढत नाही हं. तेच पैसे दोघांत अर्धे-अर्धे, ज्याच्या त्याच्या खात्यात.”

“घ्या! ऐकलं ना?” जागेश्वर बायकोला म्हणाला. “राहू दे आता.”

अनुसया पदर सावरून बाकावर जाऊन बसली. हट्ट करायची सवय असती तर तिला चाळीस वर्षं लागलीच नसती.

“एक रकाना भरायचा राहिला,” कृष्णकांत म्हणाला. “कामाचं स्वरूप. का का केलं ते सांगा, मी लिहितो.”

“लिहा. पहिले सुताच्या लडी सोडवल्या.”

“कोणी?”

“हिनं.”

“मंग?”

“मंग कांड्या भरल्या.”

“त्या कोणी?”

“त्याही हिनंच. मले नाही जमत, माह्या हातानं सूत तुटते. मागच्या साली हिच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं, तवा तं पंधरा दिवस माग...” जागेश्वर बोलता बोलता थांबला.

“पंधरा दिवस का झालं?”

“बंद होता,” तो हळू आवाजात म्हणाला. “कांडीच नव्हती ना घरात.”

वा रे विणकर! बायको खाटेवर पडली तर माग बंद, आणि अर्जावर म्हणे कारागीर एक! कृष्णकांत हे बोलला नाही, पण त्याची गरजही उरली नव्हती. जागेश्वरला लाज वाटली. त्यानं एकदा बाकाकडे पाहिलं. अनुसया पिशवीचा बंद बोटाला गुंडाळत होती आणि सोडत होती. सवयीनं चाललेले तिचे हात तो पाहत राहिला.

मग त्यानं बिनसहीची पावती कृष्णकांतकडे सरकवली.

“नवा अर्ज द्या जी.”

“पैसे लांबतील, सांगून ठेवतो.”

“लांबू द्या.”

“अजी, मंग गाडी?” अनुसया बाकावरून म्हणाली.

“पायी फिरीन महिनाभर. मरत नाही काही. तू इकडं ये वं, सही कराची आहे तुले.”

ती आली. टेबलाची कड धरून उभी राहिली. डोळे भरून आले होते आणि ते लपवावेत असं तिला वाटलं नाही. कृष्णकांतनं कोरा अर्ज काढला, कारागीर संख्या दोन लिहिली आणि क्रमांक एकपुढे जागेश्वरचं नाव लिहायला पेन टेकवलं.

“थांबा, थांबा,” जागेश्वर म्हणाला. “पहिलं हिचं घ्या. सूत पहिले हिच्याच हातात येते.”

“बरं. अनुसया,” कृष्णकांतनं लिहिलं. “अन् दुसरा कारागीर?”

“दुसरा मी.”