तळाचा उतार

डब्याचं झाकण दगडावर पडलं, खणखणलं, गरगरलं आणि निपचित झालं.

"पडलं," टिकली म्हणाली.

कुणी मान वळवली नाही. खड्ड्याच्या तळाशी फळी टाकून तिची आई उकिडवी बसली होती आणि सगळे आईनं तळावर टेकवलेल्या, सपाटी बघायच्या लेव्हलकडे बघत होते. लेव्हलच्या काचेतला बुडबुडा मधोमध उभा होता. जरा म्हणून हलत नव्हता.

"बघा ताई," थोरला मजूर कौतुकानं म्हणाला, "हा मिस्त्रींचा हात. चाळीस वर्षांत बुडबुडा जागचा हलला नाही."

टिकलीच्या आईला नेमकं तेच खटकलं.

घराची फरशी सपाट हवी. हे माशांचं तळं होतं. माशांची घाण, कुजलेली पानं, सगळं तळाला बसणार. तळ चारी बाजूंनी मधल्या भोकाकडे उतरता असेल तर गाळ आपल्या पायांनी चालत पाइपात जातो, पाइपातून शेजारच्या गाळणीच्या टाकीत. तिथे खडीतून निथळलेलं पाणी पंप परत तळ्यात आणून सोडतो. नकाशात तिनं उतारावर लाल शाईनं लिहिलं होतं : चार बोटं. तळ सपाट राहिला तर घाण कोपरे धरून बसेल आणि पहिल्याच उन्हाळ्यात मासे पोट वर करून तरंगतील. डॉक्टरीणबाईंच्या बागेतलं हे तिचं पहिलं काम. तेच शेवटचं ठरेल.

टिकली झाल्यापासून पाच वर्षं ती घरीच होती. हा नकाशाही तिनं एका हातानं पोरीला थोपटत, दुसऱ्या हातानं काढला होता. काम मिळालं तेव्हा तीन मिस्त्री येऊन गेले. एकानं नकाशा उलटा धरून विचारलं, "साहेब कधी येतील?" मग तिच्या बाबांनी, जे स्वतःच जुने मिस्त्री होते, खुंटीला टांगलेली थापी उतरवली. म्हणाले, "मी येतो. चहा मात्र वेळेवर दे."

बाबा आले, आपले दोन जुने मजूर घेऊन आले. आणि तिथेच गाडं अडलं. ती म्हणायची, पाइप एक वीत खाली घ्या. मजूर मिस्त्रींकडे बघायचे. मिस्त्री मान हलवायचे. मग फावडं हलायचं. तीन दिवस तिनं हे गिळलं. बाबा भुवयांखालून नुसते बघत राहिले.

आज सकाळी ती गाळणीची जाळी आणायला बाजारात गेली होती. टिकलीला बाबांनी स्कूटरवर पुढे उभं करून आधीच आणलं होतं. जाळी घेऊन ती पोचली तेव्हा तळाला सिमेंटचा माल घालून, घोटून झाला होता. आरशासारखा.

माल अजून ओला होता. दोन तासांनी छिन्नी लागली असती. बाबांना बाजूला घेऊन हळूच सांगावं, असं तिच्या मनात आलं. बापाची चाळीस वर्षांची पत होती, आणि वर गच्चीतून डॉक्टरीणबाई बघत होत्या. पण बाजूला घेतलं की पुन्हा मिस्त्रीच सांगणार आणि मजूर मिस्त्रींचंच ऐकणार.

ती उठून उभी राहिली.

"बाबा, हा तळ चुकलाय."

दुसरा मजूर हसला. "मिस्त्रींचा, ताई?"

"मिस्त्रींचाच. घरात असता तर मी यावर रांगोळी काढली असती. तळ्याला हा चालणार नाही. भिंतीपाशी चार बोटं चढवा, भोकापाशी उतरवत आणा. आत्ताच, ओला आहे तोवर."

आपला आवाज एवढा ठाम निघेल असं तिलाही वाटलं नव्हतं. थोरल्या मजुरानं सवयीनं बाबांकडे पाहिलं. बाबा थापी पुसत होते. पुसून झाली तरी पुसत राहिले.

"चुकलं माझं," ते म्हणाले. "मॅडम म्हणतात तसं करा."

आजवर तिला ते पोरी म्हणत, अगं म्हणत. रागावले की 'तुझ्या आईची लेक' म्हणत. मॅडम कधी म्हणाले नव्हते.

"भिंतीपासून धरायचं का, मिस्त्री?" थोरल्यानं विचारलं.

"मला काय विचारतोस? नकाशा कुणाचाय?"

दुपारपर्यंत उतार झाला. तिनं चारी बाजूंनी लेव्हल लावली. चारी वेळा बुडबुडा भिंतीकडे पळाला. मजूर गाळणीच्या टाकीकडे वळले आणि थोरल्यानं तिथूनच हाक मारली, "ताई, खालती मोठी खडी की बारीक?"

"मोठी. बारीक वर."

"बरं."

त्यानं मिस्त्रींकडे पाहिलं नाही. तिनं मात्र पाहिलं. बाबा झाडाखाली बशीत चहा ओतून घेत होते. तिची मान ताठ झाली होती, आणि त्याच वेळी आत काहीतरी खुपत होतं. चारचौघांत आपण बापाला चुकलात म्हणालो. थकलेत बाबा आता. एरवी नकाशात लाल शाईनं लिहिलेलं त्यांच्या नजरेतून सुटलं नसतं. संध्याकाळी घरी गेल्यावर पाय धरावेत.

टिकली येऊन तिच्या मांडीला टेकली. बराच वेळ तळ्याच्या तळाकडे बघत राहिली.

"आई," ती म्हणाली, "सकाळी काका लोक मागे खडी धूत होते ना, तेव्हा आजोबांनी अगदी अस्साच उतार केला होता. मग तू यायच्या आधी त्यांनीच तो भरून सपाट का केला?"