आवाजाची किंमत

नवऱ्याच्या आजारपणात इंदुमती खरेबाईंच्या क्रेडिट कार्डावर बरंच कर्ज साचलं होतं. बँकेतल्या मुलीने त्यांना दोन वाटा सांगितल्या. एक तर पाच वर्षं हप्ते भरायचे, नाहीतर आवाजाचे हक्क बँकेला लिहून द्यायचे. मग सगळं कर्ज माफ.

"तुम्ही बालवाडीत शिकवायचात ना? इतका मायाळू आवाज यंत्राला स्वतःहून जमत नाही, मॅडम."

"पण वापरणार कुठे?"

मुलगी अडखळली. "वसुलीच्या फोनवर. तुमच्या आवाजाला कुणी नाही म्हणणार नाही."

बाईंना बालवाडी आठवली. त्या आवाजाने रडायची थांबलेली कितीतरी मुलं आता कर्ज काढायच्या वयाची झाली होती.

"हप्तेच बांधून दे, बाळा."

मुलीने भरल्या डोळ्यांनी मान हलवली. "मलाही रोज फोन येतो, मॅडम. कुणा आजींचा आवाज असतो. फार गोड बोलतात."