सतरावं रिंगण

"मॅडम, पाय उचलू नका, घासत चला," असं राखणदार सांगणार होता, पण मॅडम आधीच पाय घासत निघाल्या होत्या. वाळूत जागोजागी कुररी पक्ष्यांची अंडी होती, वाळूच्याच रंगाची. घासत नेलेला पाय अंड्यावर पडत नाही. शिवाय मॅडमनी हातातली काठी डोक्याच्या वर धरली होती, कारण चिडलेली कुररी जे सगळ्यात उंच असेल त्यालाच चोच मारते. एवढं शिकायला राखणदाराच्या टकलाला दोन वर्षं लागली होती.

बाई पुस्तकं वाचून आलेली दिसते, तो मनात म्हणाला; हिच्या नजरेतून काही सुटायचं नाही.

बेटावर हॉटेल बांधायचं घाटत होतं. पक्ष्यांना कोण विचारतो! बेट वाचलंच तर वाळूतल्या दगडी रिंगणांमुळे वाचणार होतं. परातीएवढी सोळा रिंगणं. ती दोन हजार वर्षांपूर्वीची पूजास्थानं असल्याचं एका प्रोफेसरांनी ठासून लिहिलं होतं. आज पुरातत्त्व खात्याच्या या मॅडम त्याचा निकाल लावणार होत्या.

घोळ एवढाच, की रिंगणं आता सतरा झाली होती. मागच्या आठवड्यात एका शहाणीने ऐन पायवाटेवर अंडी घातली. कुणाचा पाय पडू नये म्हणून राखणदाराने भोवती दगड मांडले. सकाळी ते काढायला गेला, तर पक्षीण जागची हलेना. तिला हुसकावलं असतं तर उन्हात अंडी शिजली असती. आता हे एक खोटं सापडलं की उरलेल्या सोळांवर कोण विश्वास ठेवणार?

मॅडम मात्र भलत्याच खुशीत. पडक्या दीपगृहात त्यांनी चुलीमागच्या काजळीवरून हात फिरवला. विहिरीचं पाणी ओंजळीने प्यायल्या. कासवाचा माग दिसला तेव्हा चक्क टाळ्या वाजवल्या.

"अहो, किती वर्षांनी अशी हसतेय मी!" त्या म्हणाल्या.

मग मोजणी सुरू झाली. चौदा, पंधरा, सोळा. सतराव्यापाशी त्या थबकल्या. आतून पक्षिणीने डोळे वटारले.

"बाकीच्या दगडांवर दगडफूल चढलंय. यांच्यावर कसं नाही?"

"इथं वारा फार असतो, मॅडम."

"एवढ्या एकाच ठिकाणी?"

"वारा जरा वाकडाच आहे इथला."

मॅडम खो खो हसल्या. राखणदार घाईघाईने होडीकडे वळला.

परतीच्या होडीत त्यांनी अहवाल लिहिला आणि वाचून दाखवला. "या बेटावर राहणारी माणसं पक्ष्यांच्या घरट्यांभोवती दगड रचत आली आहेत. बेट आहे तसंच राखावं." खाली लफ्फेदार सही.

राखणदाराला होडीतच नाचावंसं वाटलं. पण मन खाऊ लागलं.

"मॅडम, तुम्ही एवढं केलंत, आता लपवत नाही. ते सतरावं रिंगण माझं आहे."

"कळलं होतं मला. छान रचलंयस."

"पण प्रोफेसर तर पूजास्थानं म्हणतात. ती घरट्यांसाठी होती, हे तुम्ही कशावरून लिहिलंत?"

मॅडमनी मागे वळून दीपगृहाकडे पाहिलं.

"दिवा लावायला निघाले की आमचे बाबा खाली बघायचेच नाहीत रे. म्हणून ती सोळा मी आणि माझ्या भावाने रचली."