दोन पेरं माती

कुंडीतलं झाड तहानेनं कमी आणि लाडानंच जास्त मरतं, हे नवरा तिला चाळीस वर्षं ओरडून सांगत होता. "आधी मातीत दोन पेरं बोट घाल. ओलं लागलं तर तांब्या खाली ठेव, बाई!" तरी ती पाणी ओतायला जायचीच. मग तो तिचं बोट धरायचा, हात बाजूला सारायचा आणि सोडून द्यायचा.

तो गेला. पुढच्या दोन महिन्यांत तिने रडत रडत अकरा कुंड्या कुजवल्या. माया कसली, पूरच तो! उरला त्याचा एक गुलाब.

"आई, तोही फेका आता. घरभर चिलटं झालीत," सून म्हणाली.

"आधी मला फेक."

सकाळी गुलाबाच्या मातीत बोटाचं भोक दिसलं. ताजं होतं, तिच्या बोटाहून जाड. सून तर मातीला हात लावत नव्हती. तिने भोक बुजवलं. दुसऱ्या सकाळी ते पुन्हा तिथेच होतं.

तिसऱ्या सकाळी तिने त्यात स्वतःचं बोट घातलं. दोन पेरं आत माती ओलीच होती. तरी दुसऱ्या हाताने तिने तांब्या उचलला.

तेव्हा आत, मातीत, कुणीतरी तिचं बोट धरलं.

सोडलं मात्र नाही.